उलट्या बाजूनं शिवलेली मुलाखत

मासिक हातात आलं की मी ते आधी वाचत नाही, नुसतं बघते. चित्र कुठं बसवलंय, मोकळी जागा कुठं सोडलीय, नजर पहिल्यांदा कुठं जाते आणि तिथून तिला पुढं कुठं न्यायचं ठरवलंय, हे सगळं बघून झालं की मगच मजकुराकडं वळते. बायकांच्या मासिकांची पानं लावण्यात माझी उमर गेली. अजूनही कुणी पान नुसतं भरून काढलेलं दिसलं की माझा पारा चढतो. पान म्हणजे काय पोतं आहे, दाबून दाबून भरायला? नवी मुलं विचारतात, हे तुम्ही शिकलात कुठं? मी सांगते, मादन हिप्परग्याला, आमच्या स्वैपाकघरात. त्यांना वाटतं म्हातारी थट्टा करतेय.

मादन हिप्परगा हे गुलबर्ग्याकडच्या आळंद तालुक्यातलं मोठं गाव, तेव्हा निजामाच्या राज्यात. पलीकडं इंग्रजांचा मुलूख आणि त्यात सोलापूर. घरी मराठी, बाजारात कानडी आणि कचेरीत उर्दू, असा आमचा दिवस जायचा आणि कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. वडील, म्हणजे अप्पा, शेती बघायचे. उर्दू ते फाडफाड वाचत, मराठी मात्र बोट ठेवून. थोरला भाऊ, अण्णा, गुलबर्ग्याला कचेरीत कारकून होता. कचेऱ्यांना सुट्टी शुक्रवारची, म्हणून तो गुरुवारी संध्याकाळी यायचा आणि शनिवारी उजाडायच्या आत निघायचा. आईला माझे काका आणि आत्या ‘अक्का’ म्हणत, म्हणून आम्ही पोरंही अक्काच म्हणायचो. तिला एक अक्षर येत नव्हतं, पण तिला विचारल्याशिवाय घरात कणगीचं झाकण उघडत नव्हतं.

या घरात अण्णाची बायको होऊन वहिनी आली ती सोलापुरातून, मराठी शाळा शिकून. नवरा आठवडाभर गुलबर्ग्याला, गावात तिच्याशी बोलेल असं कुणी नाही, आणि कानडी तिला कळायची नाही. त्यात तिच्या हातची भाकर थापताना कडेला फाटायची. अक्कानं ती एकदाच बघितली आणि परातीपुढून तिला उठवलं ते उठवलंच. भाकरी अक्कानंच करायच्या, सगळ्यांना गरम वाढायच्या आणि शेवटी आपण थंडगार खायच्या, हे जणू कुणीतरी ताम्रपटावर लिहून ठेवलं होतं. वहिनीच्या वाट्याला भाजी चिरणं आणि भांडी पुसणं. तिचा सगळा जीव होता एका मासिकात.

बायकांसाठी निघणारं ते मासिक तिचे वडील सोलापूरला घ्यायचे आणि आमच्या गावचा कापडवाला माल भरायला तिकडं गेला की त्याच्याबरोबर पाठवायचे. वाटेत निजामाचा जकातीचा नाका लागायचा, त्याला करोडगिरी म्हणत. तिथला शिपाई कापडाच्या गाठी सोडायचा आणि मासिकही चाळायचा. मराठी त्याला येत नसावं, पण चित्रं सगळ्यांनाच येतात. अंक आमच्या घरी पोचेपर्यंत बायकांची चित्रं असलेल्या पानांवर त्याच्या अंगठ्याचे डाग पडलेले असायचे. वहिनी ते डाग भाकरीच्या तुकड्यानं अलगद पुसायची. थंड भाकरीचा तेवढा एक उपयोग.

मी तेव्हा परकर नेसून हिंडायच्या वयाची होते. वहिनीनं मला मासिकावरच वाचायला शिकवलं, आणि एका खेपेला तो अंक आला. मधल्या दोन पानांवर बोलपटातल्या एका नटीची मुलाखत होती.

ती दोन पानं मला आजही डोळे मिटून मांडता येतील. डाव्या पानावर लंबगोल चौकटीत नटीचं चित्र. तिची मान किंचित उजवीकडं वळलेली, त्यामुळं तिची नजर थेट पलीकडच्या पानावर, तिच्याच बोलण्यावर पडायची. पानांच्या बाहेरच्या कडांना वेलबुट्टी होती, मधल्या घडीकडची बाजू मात्र उघडी ठेवलेली. मथळा हातानं काढलेल्या अक्षरांत, एका पानावर सुरू होऊन घडी ओलांडून दुसऱ्या पानावर संपलेला. प्रश्न चित्राखाली छापखान्याच्या बारीक खिळ्यांत, उत्तरं समोरच्या पानावर ठळक. आणि उजवीकडं खाली, शेवटच्या उत्तरानंतर, चांगली तळहाताएवढी जागा कोरी सोडून तिथं फक्त नटीची सही.

“बघ हं,” वहिनी म्हणाली आणि तिनं नटीच्या चित्रावर वाटी पालथी घातली. “आता वाच.”

मी वाचलं. सगळं होतं तसंच होतं, पण ऐकायला कुणी बसलेलं नाही असं वाटलं. मग तिनं वाटी उचलली आणि त्या कोऱ्या जागेवर हात ठेवला. सही एकदम अंगावर आली. मग दोन्हीकडची वेलबुट्टी कागदाच्या पट्ट्यांनी झाकली, तर पानं वाहून चालल्यासारखी दिसायला लागली. “कुणीतरी बसून हे ठरवलंय,” वहिनी म्हणाली. “ही बाई येणार म्हटल्यावर आधी झाडून घेतलंय, पाट मांडलाय, आणि मग तिला बोलावलंय.” तिचा चेहरा असा फुलला होता, की जणू पाट तिलाच मांडला होता. त्या माणसाचं नाव अंकात कुठंही नव्हतं. मला त्याचा फार हेवा वाटला आणि फार प्रेमही वाटलं. पुढं मी हा धंदा केला तो त्या कुणा न पाहिलेल्या माणसापायी.

नेमकी तेव्हाच अक्का जोंधळ्याचं सूप घेऊन आत आली.

“कोण गं ही?”

“नटी आहे, अक्का. बोलपटात काम करते.”

अक्कानं अंक हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. “जवळनं बघावं तर नुसते ठिपके हायती,” ती म्हणाली. मग तिनं पान उलटून मागं-पुढं बघितलं. “येवढी दोन पानं हिच्यापायी? काय केलंय असं हिनं?”

अक्कानं अंक मिटला आणि फडताळावर, आमचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवला. “देवघर हाय घरात. हे असलं हितनं फुडं यायला नको. तुझ्या बापाला सांग, पाठवू नका म्हणून.”

अप्पांकडं दाद मागायचा प्रश्नच नव्हता. घरात काय येतंय आणि काय नाही ते तुझं तू बघ, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. वहिनी त्या दिवशी मोरीत जाऊन रडली. मला अक्काचा इतका राग आला की मी जेवायला बसले नाही, आणि कुणी बोलवायला आलं नाही म्हणून मग उठून गुपचूप जेवले.

दुसऱ्या दिवशी वहिनी अक्कापुढं जाऊन उभी राहिली. “अक्का, संक्रांतीच्या हळदीकुंकवापर्यंत राहू द्या. त्या दिवशी मी बायकांना एक वस्तू दाखवणार आहे. ती बघून तुम्ही बंद म्हणालात तर मी स्वतः वडिलांना कळवीन.”

“बरं बघू,” अक्का म्हणाली. तिला वाटलं असणार, काहीतरी विणकाम असेल.

वहिनीला काढायचं होतं हातानं लिहिलेलं मासिक. अण्णा कचेरीतून एका बाजूनं कोरे असलेले जाड ताव आणायचा आणि आम्ही ते पाठीला पाठ चिकटवून घ्यायचो. त्यात दोनचार पदार्थ, उखाणे, रांगोळ्या असं बरंच काही होतं, पण खरं मासिक म्हणजे मधली दोन पानं. त्यांवर मुलाखत होती अक्काची. नटीला विचारले तेच प्रश्न, तीच मांडणी.

मुलाखत घेणं सोपं नव्हतं. अक्का एका जागी बसेल तर ना. जोंधळे निवडताना वहिनीनं सुरुवात केली.

“अक्का, तुमचा आवडता रंग कोणता?”

“रंगाचं काय घिऊन बसलीस? जे लुगडं वाळलंय ते नेसायचं.”

“फावल्या वेळात काय करता?”

“ते कवा असतंय?”

“आयुष्यातला सगळ्यात सुखाचा काळ कोणता?”

अक्काचा हात थांबला. तिनं माझ्याकडं बघितलं. “हिच्या बाळंतपणात. मुडबीला, मायकडं. मायनं दाराला पडदा लावून टाकला व्हता. कुणी हाक मारली न्हाई मला.”

“आवडता पदार्थ?”

“गरम भाकर,” अक्का म्हणाली. तिनं सुपातला एक खडा वेचून टाकला आणि मग म्हणाली, “दुसऱ्याच्या हातची.” लगेच भानावर येऊन तिनं सूप आपटलं. “कामून इचारायलीस हे समदं? काम न्हाई का तुला?”

पण मी बघत होते. दुसऱ्या दिवशी जोंधळे निवडायला बसताना तिनं वहिनीसाठी आपल्या शेजारी पोतं अंथरून ठेवलं होतं.

चित्र मी काढायचं ठरलं. समोरून काढायला गेलं की अक्का पदर ओढायची, म्हणून चुलीपुढं बसलेली असताना मी दाराआडून तिची एक बाजू काढली. कितीतरी ताव वाया घालवले. वहिनीचा हट्ट एकच होता, तोंड उजवीकडं पाहिजे. “तिनं आपल्याच बोलण्याकडं बघायला पाहिजे.” मथळा मोठ्या अक्षरांत दोन्ही पानांवर मिळून, डावीकडं ‘आमच्या’ आणि उजवीकडं ‘अक्का’. प्रश्न चित्राखाली, उत्तरं समोर. सहीच्या जागेवर मात्र घोडं अडलं. अक्काला सही कुठली? अंगठा घ्यायला वहिनी तयार नव्हती. शेवटी तिनं अक्कापुढं तो कोपरा धरला आणि म्हणाली, “रोज उंबऱ्यापुढं काढता ती रांगोळी इथं एवढीशी काढा.” अक्कानं कुंकवात बोट बुडवलं, ठिपके दिले आणि ते जोडले. कशासाठी, हे तिनं विचारलं नाही. आजवर मी छापलेल्या कुठल्याही सहीपेक्षा ती सही देखणी होती.

ताव शिवून पुठ्ठा घालायला अण्णा गुलबर्ग्याला घेऊन गेला. तिथं कचेरीची कागदपत्रं आणि कायद्याची पुस्तकं बांधणारा एक जिल्दसाज होता, मोठा नावाजलेला. हळदीकुंकू शुक्रवारचं. जिल्दसाजानं काम उशिरा दिलं म्हणून अण्णा गुरुवारी आलाच नाही, शुक्रवारी दुपारी आला, तोवर ओसरीवर बायका जमायला लागल्या होत्या. त्यानं रुमालात गुंडाळलेलं पुस्तक वहिनीच्या हातात दिलं. हिरवं कापड, सोनेरी रेघ, आत खुणेला रेशमी दोरा. इतकं सुंदर बांधलेलं पुस्तक आमच्या घरात दुसरं नव्हतं.

वहिनीनं दोऱ्याशी उघडलं आणि तिचं तोंड उतरलं.

शिवण उजव्या बाजूनं होती. उर्दू पुस्तक असतं तसं. डावीकडं असायची ती अक्का उजव्या पानावर गेली होती आणि तोंड वळवून पुस्तकाबाहेर बघत होती. डावीकडच्या पानावर आली होती नुसती उत्तरं. आधी उत्तरं, मग प्रश्न. मथळा झाला होता ‘अक्का आमच्या’.

“अहो, हे उलटं बांधलंय!”

अण्णानं पुस्तक घेतलं, सवयीनं उजवीकडून उघडलं, चाळलं. “कुठं उलटं हाय? बरोबर हाय की. मी समदी पानं तपासून आणलोय.”

त्याची काही चूक नव्हती आणि जिल्दसाजाची तर मुळीच नव्हती. दोघांच्याही हातांखालून गेलेलं प्रत्येक पुस्तक याच बाजूनं उघडत होतं. चूक असलीच तर आमची, सांगायला हवं होतं. पण पुस्तकाला सुरुवात कुठल्या बाजूनं असते, हे कुणी कुणाला सांगतं का? ज्याला त्याला ते ठाऊकच असतं!

आता काही करायला वेळ नव्हता. वहिनीला कुंकू लावायला बोलावणं आलं. तिनं पुस्तक शेजारच्या मास्तरीणबाईंच्या हातात दिलं, कारण आमच्याशिवाय वाचता येणाऱ्या तेवढ्याच. “मधली दोन पानं वाचून दाखवा,” एवढं म्हणाली आणि करंडा उचलून निघाली. मासिक तिच्या मनानं गेलंच होतं.

मास्तरीणबाईंनी दोऱ्याशी उघडलं आणि कुणीही मराठी माणूस करेल तेच केलं, डाव्या पानापासून सुरुवात केली.

“जे लुगडं वाळलंय ते नेसायचं,” त्यांनी वाचलं आणि गोंधळून थांबल्या.

“कामून गं?” एकजण म्हणाली. “सणासुदीला काय नेसायचं म्हणून इचारलं असंल!” बायका हसल्या.

“ते कवा असतंय?”

“माहेरपण!” मागून कुणीतरी ओरडलं.

“सुख!” दुसरी म्हणाली. आता सगळ्याच सरसावून बसल्या. हा काहीतरी उखाण्यासारखाच खेळ आहे, असं त्यांनी धरून घेतलं. कुंकू लावून घेणाऱ्या बायकाही कपाळ पुढं करून कान तिकडं देऊन होत्या.

“हिच्या बाळंतपणात. मुडबीला, मायकडं. मायनं दाराला पडदा लावून टाकला व्हता. कुणी हाक मारली न्हाई मला.”

एका तरण्या बाईनं हळूच म्हटलं, “झोप कवा लागली, म्हणून इचारलं असंल.”

मास्तरीणबाईंनी पुढचं वाचलं. “गरम भाकर. दुसऱ्याच्या हातची.”

ज्यांनी सकाळी घरच्या सगळ्यांच्या भाकरी करून, स्वतः थंड खाऊन, नटूनथटून हळदीकुंकू गाठलं होतं, त्याच सगळ्या तिथं बसलेल्या. गल्लीतल्या सगळ्यात थोरल्या काकू भिंतीला टेकून होत्या. त्या म्हणाल्या, “ह्या जल्मात आणिक काय पायजे बाई तुला, असं इचारलं असंल.”

मास्तरीणबाईंची नजर उजवीकडच्या पानावर गेली. तिथं वहिनीच्या नीटस अक्षरात लिहिलं होतं, आपला आवडता खाद्यपदार्थ कोणता? मी बाजूलाच बसले होते, मला ते दिसत होतं. त्यांनी ते वाचलं नाही. नुसतं पुस्तक फिरवून बायकांना दाखवलं. चित्रातली अक्का आपल्या बोलण्याकडं पाठ करून बाहेर बघत होती, आणि स्वैपाकघराच्या दारात तिळगुळाचं ताट घेतलेली खरी अक्का तिथंच खिळली होती.

“कुणाचं हाय हे?” थोरल्या काकूंनी विचारलं, आणि मग चित्र बघून त्यांना कळलं. त्या उठल्या, अक्काजवळ गेल्या आणि त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. लेकीची दृष्ट काढावी तशी. अक्का म्हणाली, “पुरं आता. तिळगूळ घ्या.” तिनं ताट पुढं केलं.

मी पुढं कितीतरी मुलाखती लावल्या. प्रत्येकीत एक वाक्य वेचून मी ते मोठ्या अक्षरांत पानाच्या मध्ये बसवलं, प्रश्नाशिवाय. संपादक विचारत, हे असं मधूनच का? मी म्हणे, वाचणारीला तिचा प्रश्न विचारू दे. ही अक्कल त्या जिल्दसाजानं मला दिली आणि त्याला कधी त्याचा पत्ताही लागला नाही. आणि त्या नटीच्या पानांतलं सगळं कौशल्य मी जन्मभर वापरलं, आजही मी त्यांना हात जोडते. पण आमची पानं बिघडली आणि ती सरस ठरली, हे मी आपलं माणूस म्हणून सांगत नाही, पानं लावणारी म्हणून सांगते.

बायका गेल्यावर दिवेलागणीला अक्कानं फडताळावरून तो अंक स्वतः खाली काढला. वहिनी भांडी आवरत होती. तिला वाटलं, आता तो परत करायला सांगणार.

“वाच ती बाई काय म्हणाली ते.”

वहिनीनं वाचलं. आवडता रंग, आवडतं अत्तर, फावल्या वेळात सतार, स्त्रियांना संदेश. अक्का गुडघ्यावर हनुवटी टेकून ऐकत होती. संपल्यावर तिनं अंक घेऊन चित्र लांब धरलं, जवळ नेलं.

“येवढं समदं इचारलं,” ती म्हणाली, “आन् जेवलीस का म्हणून कुणी न्हाई इचारलं. वाळलीय बघ पोर.”

मासिकाचं पुढं काय, हे विचारायची छाती आम्हा दोघींचीही झाली नाही. महिना तसाच गेला. मग एका दुपारी कापडवाला दारात आला आणि वहिनी उठायच्या आत अक्का बाहेर गेली. परत आली ती अंक हातात घेऊन, पदरानं करोडगिरीवाल्याचे डाग पुसत.

“बघ गं, ह्या खेपेला कुणाला इचारलंय?”

वहिनी परातीपुढं बसली होती. हळदीकुंकवाच्या दुसऱ्याच दिवशी ती कुणाला न विचारता तिथं जाऊन बसली होती आणि अक्कानं तिला उठवलं नव्हतं. तिचे हात पिठात होते, म्हणून मुलाखत मी वाचायला घेतली. अक्का पाटावर बसली. वहिनीनं तव्यावरची भाकर सरळ तिच्या ताटात टाकली. अक्कानं ती उचलली, कडा बघितली, तुकडा मोडला आणि फुंकर घातली.

“फाटलीय,” ती म्हणाली. “पर गरम हाय. फुडं वाच.”